परड्यातील कोंबड्यांची मर नशिबाची नव्हे

घरामागे दहा कोंबड्या असल्या की बाईला मीठ-मिरचीसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, असे आपल्या वाड्यांतील वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. खानापूर-चंदगडकडील घरांत भाताचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि घरात पोहोचण्याआधीच त्यातला बराचसा सोसायटीच्या कर्जात वळता होतो. दुधाचे बिल डेअरीतून बहुधा घरधन्याच्या नावाने निघते. अंडी मात्र घरधनिणीची. ती कोणाला विचारून विकत नाही आणि कोणाला हिशेबही देत नाही. मुलाच्या वहीला, बसच्या तिकिटाला, माहेरी जाताना हातात काही असावे म्हणून, बाळंतिणीच्या रश्श्याला, नाताळच्या जेवणाला, अशा नाना वाटांनी हा पैसा आणि हे अन्न घरात येते. कोठल्याही वहीत ते लिहिलेले नसते; आणि लिहिलेले नसल्यामुळेच ते बुडाले तरी त्याची नोंद कोणी घेत नाही.

काहींना वाटते की मोठमोठ्या पोल्ट्र्या निघाल्यावर हा परड्यातला व्यवहार आता संपलाच. आकडे तसे सांगत नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मिळून सुमारे ३१ कोटी ७० लाख भरले. २०१२ च्या गणनेपेक्षा ही संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी अधिक होती. तेव्हा ज्याविषयी आम्ही लिहीत आहोत ती मोडकळीला आलेली जुनी चाल नव्हे.

आणि हा धंदा केवळ पैशाचा असता तर इतक्या वेळा नुकसान सोसून बायकांनी तो पुन्हापुन्हा उभा केला नसता. कोंबडी खुडूक झाली की घरात निराळाच उत्साह येतो. ती पिसे फुलवून बसते, जवळ गेले तर चोच मारते, अंगणातल्या दाण्याकडे ढुंकून पाहत नाही. मग कोंड्याच्या डब्यात जपून ठेवलेली अंडी बाहेर निघतात. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली अशी दहा-बारा निवडायची, टोपलीत तळाशी राख आणि वर गवत घालायचे आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तिला बसवायचे. सातव्या-आठव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले की आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. ज्यात त्या दिसत नाहीत ते काढून टाकायचे. मुलांना हे दाखवावे. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते अधिक लक्षात राहते. एकविसाव्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतली टकटक ऐकू येते. दुसऱ्या दिवशी टोपलीभर किलबिल. पुढचे दोन महिने ती आई उकिरडा उकरून पिल्लांना किडे दाखवते, घारीची सावली पडली की एकच आवाज काढते आणि सगळी पिल्ले तिच्या पंखाखाली नाहीशी होतात. आमच्या घरांतून कोंबड्यांना नावे असतात. लाली, ठिपकी, बोडकी, आणि जो कोंबडा उगाच माणसांच्या अंगावर जातो त्याला बहुधा एखाद्या शेजाऱ्याचे नाव! सकाळी खुराडे उघडल्यावर ही सगळी मंडळी एकामागून एक बाहेर पडते तेव्हा घरधनीण मोजत असते. ते मोजणे हे तिचे सुख आहे.

अशा घरावर मर येते ती चार-पाच दिवसांत. बहुधा ऊन तापू लागले की, जत्रा-लग्नांच्या दिवसांत, जेव्हा बाजारातून कोंबड्यांची ने-आण फार होते. पहिल्या दिवशी एखादी तलंग एका बाजूला गळून उभी राहते. दुसऱ्या दिवशी हिरवट-पांढरी हगवण, उघड्या चोचीने श्वास, घशात घरघर. ज्या त्यातून वाचतात त्यांचे पंख आणि पाय लुळे पडतात, मान पिळवटून पाठीकडे वळते. त्यावरूनच मराठीत या रोगाला मानमोडी हे नाव पडले. सरकारी कागदांत तो राणीखेत. कन्नडमध्ये कोक्करे रोग म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यात हे नाव सांगितले तर बोलणे लवकर उमगते, म्हणून येथे दिले. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि त्याच दशकाच्या अखेरीस कुमाऊँतील राणीखेत येथे तो ओळखला गेला, म्हणून त्याला ही गावांची नावे मिळाली. विषाणूचा रोग, एकदा लागल्यावर त्याला औषध नाही. आठवड्याच्या शेवटी खुराड्यात दोन कोंबड्या उरतात, कधी एकही नाही.

मग काय म्हणतात? नजर लागली. यंदा साल वाईट. आपल्या हाताला कोंबडी लाभत नाही. पुढच्या पावसाळ्यात माहेराहून एक तलंग आणून पुन्हा आरंभ. ही चिकाटी मोठी आहे, पण नशिबाला दोष देण्याची ही रीत आम्हांला मान्य नाही. या रोगावर मुक्तेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी लस आपल्या देशात १९४० च्या दशकापासून आहे. पुढे पिल्लांसाठी सौम्य लसही आली. ज्या रोगाला इतकी वर्षे अडविता येत आहे त्याला नशीब म्हणणे बरोबर नाही.

मग लस टोचून का घेतली जात नाही? बायका अडाणी आहेत म्हणून, असे उत्तर शहरातले लोक पटकन देतात. आमचे मत निराळे आहे. अडचण बाटलीची आहे. राणीखेतची लस एक-एक कोंबडीपुरती मिळत नाही. सर्वांत लहान बाटली साधारणतः शंभर मात्रांची असते. ती वाळवलेल्या भुकटीच्या रूपात, थंड जागी ठेवावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फुकट जाते. आणि आमच्या एका घरात कोंबड्या किती? आठ, दहा, फार तर पंधरा. बाई पिशवीत दोन कोंबड्या घालून सहा मैल चालत दवाखान्यात जाते, तर तेथे सांगतात की शंभर जमवून आणा, दोघींसाठी बाटली फोडता येत नाही. ती रागावून परत येते आणि पुन्हा जात नाही. खरे पाहता दोघांचेही चुकलेले नसते. एका घराच्या मापात न बसणारी वस्तू एकेका घराने मागितली, एवढेच.

म्हणून आमचे म्हणणे असे की लस ही घराने घेण्याची गोष्ट नव्हे, ती वाडीने घेण्याची गोष्ट आहे. दहा-बारा घरे एकत्र आली की शंभर कोंबड्या भरतात, बाटली पुरी वापरली जाते, आणि एका कोंबडीमागचा खर्च एका गावठी अंड्याच्या किमतीपेक्षाही कमी पडतो. शिवाय रोगाला कुंपण कळत नाही. एका घराने टोचले आणि शेजारच्या चार घरांनी नाही, तर त्या चार घरांतून विषाणू वाडीत फिरत राहतो, आणि टोचलेल्या घरातली नवी पिल्ले त्यात सापडतातच. शेजारणीच्या कोंबड्या निरोगी असण्यात आपलाच फायदा आहे. भावकीच्या भांडणामुळे एक बांध सोडून पलीकडे जायचे नाही, असे काही वाड्यांत चालते ते आम्हांला ठाऊक आहे. निदान त्या एका सकाळपुरते ते भांडण खुराड्याबाहेर ठेवावे.

आफ्रिकेतील मोझांबिक देशात असेच झाले. तेथील खेड्यांतून मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या याच रोगाने मरत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे तयार झालेली, उष्णता थोडी अधिक सोसणारी एक लस तेथे नेण्यात आली, आणि गावातल्याच माणसांना, त्यांत पुष्कळ बायकांना, डोळ्यात थेंब घालायला शिकविण्यात आले. दर चार महिन्यांनी ते घरोघर जात आणि कोंबडीमागे थोडे पैसे घेत. ज्यांच्याकडे शीतपेटीचीही सोय धड नव्हती त्यांनी हे करून दाखविले. आपल्याकडे तालुक्याला दवाखाना आहे, बर्फ मिळतो, थर्मास घराघरांत आहे.

आता काम कसे करावे ते सांगतो. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. पुढे आठ ते दहा आठवड्यांची झाली की मुक्तेश्वर लस पंखाखालच्या कातडीत टोचतात. ही दुसरी लस कडक असते, ती लहान पिल्लांना देऊ नये. दिली तर तिनेच पिल्ले आजारी पडतात. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. मोठ्या कोंबड्यांना पुन्हा किती महिन्यांनी टोचायचे आणि अंड्यावर असलेल्या कोंबडीला काय द्यायचे, हे पशुवैद्य सांगतील तसे करावे. लस अंगी लागायला दहा-पंधरा दिवस जातात. म्हणून मर शेजारच्या वाडीत पोहोचल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, ऊन चढण्याआधी हे उरकून घ्यावे. वेळ पहाटेची. खुराडे उघडले की कोंबडी हाती लागत नाही, म्हणून आदल्या सांजेला सगळ्या आत घेऊन दाराला कडी घालावी आणि सकाळी एकेक बाहेर काढत टोचावी. लस बर्फात, सावलीत. कोंबडी धरायला घरातली शाळकरी मुले उत्तम! टोचणाऱ्याने मधेच डोळे चोळू नयेत. या लसीने माणसाचे डोळे काही दिवस लाल होतात. रिकामी बाटली उकळून मग पुरावी.

मर लागल्यावर आपल्याकडे जे होते त्याविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. पहिली कोंबडी लोळली की बाकीच्या घाईघाईने कापल्या जातात, मटण सोयऱ्यांच्या घरी वाटले जाते, आणि पिसे व धुतलेले पाणी उकिरड्यावर फेकले जाते. काही जण तर उरलेल्या बाजारात नेऊन विकतात. निदान काही पैसे तरी सुटावेत ही गरिबाची ओढ आम्ही समजू शकतो. पण त्या पिसांबरोबर, त्या पाण्याबरोबर आणि त्या बाजाराबरोबर रोग दहा वाड्यांना जातो. एका बाईचे नुकसान काही रुपयांनी कमी होते आणि पन्नास बायकांचे सगळेच जाते. मेलेल्या कोंबड्या कुत्र्यांना टाकू नयेत, ओढ्यात तर मुळीच नाही. खोल खड्डा करून चुना घालून पुराव्यात, आणि खुराडे चुन्याने सारवून काही आठवडे रिकामे ठेवावे. बाजारातून नवी कोंबडी आणली तर पंधरा दिवस वेगळी डालून ठेवावी. एवढे एकच पथ्य सर्वांनी पाळले तरी पुष्कळ मर थांबेल.

दुसरी सवय कॅपसूलची. घरात उरलेली माणसाची लाल-पिवळी कॅपसूल फोडून पाण्यात घालतात. अशी औषधे जंतूंवरची असतात, विषाणूवर ती चालत नाहीत. कोंबडी मरते ती मरतेच, आणि अशा अर्धवट औषधाला सरावलेले जंतू मात्र मागे उरतात. उद्या घरातल्या मुलाला तेच औषध लागू पडेनासे होते. हळद-लसणाने अपाय नाही, पण त्याने मानमोडी थांबते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर दवाखान्याला कळवावे, यालाही कारण आहे. बर्ड फ्लू आणि राणीखेत बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथम बर्ड फ्लू सापडला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि त्या भागातील घरगुती कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. त्या भीतीने लोक कळवीत नाहीत. परंतु हा रोग माणसालाही होऊ शकतो. आजारी कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, मुलांना तिच्याजवळ जाऊ देऊ नये. नीट शिजवलेले मटण व उकडलेले अंडे यांना धोका नाही. पण आजारी कोंबडी कापणे हेच धोक्याचे असते, खाण्याची वेळ त्यानंतर येते.

घार, मुंगूस, रानमांजर आणि नाग यांच्यावर आम्ही फार लिहीत नाही, कारण त्यांच्याविषयी बायकांना आमच्यापेक्षा अधिक कळते. खुराडे जमिनीपासून हातभर उंच असावे, जाळी बारीक असावी आणि तिन्हीसांजेला दार लावायला विसरू नये, एवढेच. दहा पिल्लांतली दोन-तीन घार नेईलच. तो निसर्गाचा वाटा समजावा.

सुधारित जातींबद्दल मात्र आमचे मत सांगितले पाहिजे, कारण हल्ली प्रत्येक मेळाव्यात त्यांचेच कौतुक चालते. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया या जाती चांगल्या आहेत. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तेथे वनराज शंभरापर्यंत जाते. पण या कोंबड्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत, म्हणजे पिल्ले दर वेळी विकत आणायची. अंगाने जड असल्यामुळे त्या कुत्र्यापुढून उडून जाऊ शकत नाहीत. आणि लस नसेल तर मानमोडी त्यांनाही सोडत नाही. तेव्हा आधी लस, मग जात. तीन-चार गिरिराज गावठी कोंबड्यांबरोबर ठेवाव्यात, पण खुडूक होणारी आपली ठिपकी विकून टाकू नये. झटपट श्रीमंत करणाऱ्या योजनांपासून तर चार हात दूरच राहावे. झाबुआची काळी कडकनाथ ही चांगलीच कोंबडी, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे तिच्याच नावाने झालेल्या करारांत शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. जो तुम्हांला पिल्ले विकतो आणि अंडी आम्हीच महाग भावाने घेऊ म्हणतो, त्याला आधी विचारावे की ती अंडी पुढे खाणार कोण.

शेवटी अंड्याबद्दल एक तक्रार. आमच्या घरांतून गावठी अंडी बाजारात जातात, त्या पैशांतून बिस्किटाचे पुडे येतात आणि मुले ती बिस्किटे खातात. हा सौदा तोट्याचा आहे. एका अंड्यात पाच-सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असते, डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व असते. तपकिरी कवचाचे अंडे पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असते ही समजूत खरी नाही, कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. गावठी अंड्याचा बलक गडद दिसतो तो हिरवा पाला आणि किडे खाण्यात आल्यामुळे. दोन अंडी विकली तर एक घरात ठेवावे, आणि ते आधी वाढत्या मुलीच्या व गरोदर बाईच्या ताटात जावे. आपल्याकडे ते बहुधा उलट्या क्रमाने वाढले जाते.

लसीच्या कामाला पैशापेक्षा पुढाकार अधिक लागेल. प्रत्येक वाडीतून दोन मुलींनी वही घेऊन घरोघर जावे आणि मोजावे: मोठ्या कोंबड्या किती, तलंगा किती, आठवड्याच्या आतली पिल्ले किती. तिन्ही आकडे वेगळे लिहावेत, कारण लस वेगळी आहे. पिल्ले थोडी असली तर दोन-तीन वाड्यांची एकत्र धरावीत. हे आकडे घेऊन दोघी-तिघींनी मिळून दवाखान्यात जावे, बाटल्या किती लागतील ते ठरवावे आणि टोचणाऱ्याची पहाट मागून घ्यावी. येताना थर्मास बरोबर न्यायला विसरू नये. भर उन्हात बसमधून पिशवीत आणलेली लस टोचून काही होत नाही, आणि मग पुढच्या वर्षी वाडीत कोणी कोंबडी धरू देत नाही.